पोर्तोचा चढ आणि अर्धी प्लेट

गूगलच्या नकाशावर पोर्तोचं कॅथीड्रल आणि त्याच्या पायथ्याचा नदीकाठ यांच्यात बोटाच्या पेराएवढं अंतर दिसतं. पायी पाच-सात मिनिटं, असं नकाशा छातीठोकपणे सांगतो. कुणाची पाच-सात मिनिटं, ते सांगत नाही. मधे कडा आहे, कड्याला जिने आहेत, जिन्यांच्या दोन्ही बाजूंना घरं आहेत आणि घरांच्या खिडक्यांतून धुणी वाळत आहेत, यातलं काहीही त्या निळ्या ठिपक्यांत येत नाही. पोर्तो हे मुळात उभं शहर. नकाशात ते आडवं काढलंय, एवढीच काय ती फसवणूक.

आमची सगळी वरात नाशिकची. भाची आइंडहोवनला नोकरीला. ‘मधे कुठेतरी दोन-तीन दिवस भेटू या,’ असं ती म्हणाली आणि मधे म्हणून तिने पोर्तो निवडलं. नाशिक आणि आइंडहोवन यांच्या मधे पोर्तो येतं, हे भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. आइंडहोवन ओलांडायचं, फ्रान्स ओलांडायचा, स्पेनही ओलांडायचा आणि समोर अटलांटिक दिसायला लागला की थांबायचं, तिथे पोर्तो. पण तिथलं खाणं जबरदस्त आणि तिच्या गावाहून विमान स्वस्त, हे कळल्यावर भूगोलाने माघार घेतली. आमच्या विमानाचं भाडं हा विषय तिने काढला नाही.

वरातीत मी, नवरा, माझी नणंद म्हणजे ताई, आणि ताईंचे यजमान अण्णा. अण्णा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त. सगळी नोकरी पुलांवर गेल्यामुळे कुठलाही पूल दिसला की ते त्याच्यावर जाण्याआधी त्याच्याखाली जातात. ताई शाकाहारी आणि त्याबाबत कडक. फक्त अंडं केकमध्ये असेल तर चालतं, ताटात असेल तर चालत नाही. नवऱ्याला एक्सेलचा नाद. मी खायला.

बातमी फुटल्यावर नातेवाइकांचा पहिला प्रश्न एकच: ‘एवढ्या लांब जाऊन लिस्बन नाही?’ तीन तासांच्या रेल्वेप्रवासावर राजधानी असताना ती न बघता परत यायचं, म्हणजे आपल्या लोकांच्या मते तिकिटाचे पैसे पाण्यात. पोर्तुगालमध्ये एक म्हण आहे: ब्रागा प्रार्थना करतं, कुइंब्रा अभ्यास करतं, पोर्तो काम करतं आणि लिस्बन मजा मारतं. ही म्हण कुठल्या गावात जन्मली असेल, ते सांगायला नको. मुंबई आणि पुणे यांच्या भांडणात ज्याला कुणी मत विचारत नाही, अशा नाशिककराला हे शहर न बघताच आवडतं.

तारखा ठरवणं हे पहिलं युद्ध. पोर्तोत असायला सगळ्यात बहारीची वेळ म्हणजे २३ जूनची रात्र, सेंट जॉनचा सण. आपल्या गोव्यातही हा सण आहे, सांजांव. लोक डोक्यावर फुलापानांची कोपेल चढवून विहिरीत उड्या मारतात. पोर्तोतले लोक विहिरीच्या वाटेला जात नाहीत. ते प्लास्टिकची पिळपिळ वाजणारी हातोडी घेऊन रस्त्यावर उतरतात आणि समोर येईल त्याच्या टाळक्यात हाणतात. ओळखदेख लागत नाही, वयाची अट नाही. पूर्वी हे काम लसणाच्या जातीतल्या लांब दांड्याच्या फुलाने व्हायचं. १९६०च्या दशकात प्लास्टिक आलं आणि फुलाचा धंदा निम्म्यावर आला. गल्लोगल्ली तारल्या भाजण्याचा धूर, आभाळात कागदी दिवे, मध्यरात्री पुलाजवळ नदीवर दारूकाम. शिवाय त्या दिवसांत मांजेरिकोच्या कुंड्या विकायला येतात. बारीक पानांचं, चेंडूसारखं गोल झुडूप, तुळशीच्याच कुळातलं. त्यात कागदाचं फूल आणि दोन-चार ओळींच्या कवितेची चिठ्ठी खोचलेली. त्याला नाक लावून हुंगायचं नसतं. पानांवरून हात फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा.

‘सोवळं असतं ते,’ ताई म्हणाल्या. पोर्तोबद्दल त्यांचं मत तिथे पहिल्यांदा चांगलं झालं.

पण त्या आठवड्याचे हॉटेलांचे दर बघून नवऱ्याने लॅपटॉप मिटला. अण्णांनीही मुद्दा काढला, की डोक्यात हातोडी खायला व्हिसा कशाला काढायचा, ते काम इथे फुकट होतं. मग सप्टेंबर. तेव्हा दोरू नदीच्या खोऱ्यात द्राक्षांची तोडणी असते, हवा सुरेख असते आणि आपल्याकडे गणपती, गौरी आणि पितृपक्ष असतो. हिवाळ्यात तिकडे पाऊस. पावसाचं कौतुक बघायला आम्हाला पोर्तोला जायचं कारण नाही, इगतपुरी आहे. शेवटी अक्षय्य तृतीया झाल्यावर आणि वटपौर्णिमेच्या आत, असा मुहूर्त निघाला. त्यात बळी गेला तारल्यांचा. तारल्या अंगाने भरतात त्या जूनपासून. मेमधल्या तारलीला तिथले लोकही फारशी किंमत देत नाहीत. मी हा अन्याय नोंदवून ठेवला. पुढे उपयोगी पडला.

मग शेंगेन व्हिसा. माणशी ९० युरो फी, बँकेची स्टेटमेंटं, आयकराची विवरणपत्रं, जाण्यायेण्याची तिकिटं, हॉटेलचं बुकिंग, किमान ३०,००० युरोंचा विमा. या विम्यात आजारी पडल्यास उपचार आणि बरंवाईट झाल्यास देह मायदेशी पाठवणं, दोन्ही येतं. आणि दिवसवार कार्यक्रम. तो वाचून मला भरून आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मंगळवारी दुपारी चार वाजता तुम्ही काय करण्याचा विचार करता, असं अजून कुणी लेखी विचारलं नव्हतं.

याच पोर्तोच्या लापा चर्चमध्ये पेद्रो चौथा या राजाचं हृदय बरणीत जपून ठेवलेलं आहे. १८३२-३३ साली सख्ख्या भावाशी गादीवरून लढाई चालू असताना पोर्तोला वेढा पडला होता आणि शहर याच्या बाजूने चिवटपणे उभं राहिलं. त्याची परतफेड म्हणून त्याने मरताना आपलं हृदय या शहराच्या नावे केलं. हाच गृहस्थ ब्राझीलचा पहिला सम्राट. म्हणून २०२२ साली ब्राझीलच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली, तेव्हा ते हृदय विमानात बसून ब्राझीलला जाऊन आलं. तिथे लष्करी इतमामाने स्वागत. नुसत्या हृदयाला. आम्ही मात्र हृदय, गुडघे आणि तीन महिन्यांचं स्टेटमेंट असं सगळं घेऊन मुंबईला बोटांचे ठसे द्यायला निघालो होतो.

निघायच्या आदल्या रात्री अण्णांनी सगळ्यांना बजावलं, ‘पोर्तुगालशी काही पूर्वसंबंध आहे का, असं विचारलं तर वसईचं नाव काढायचं नाही.’ १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चांमधल्या घंटा आपल्या देवळांमध्ये येऊन पोचल्या. त्यातली एक आमच्याच गोदाघाटावर, नारोशंकराच्या देवळाला टांगलेली आहे. ‘परत मागितली तर?’ अण्णा म्हणाले.

‘मागू देत की,’ ताई म्हणाल्या. ‘न्यायला त्यांना इथे यावं लागेल. तेव्हा त्यांनाही स्टेटमेंटं जोडू देत.’

कुणीही काही विचारलं नाही.

आता खरा कार्यक्रम. नवऱ्याच्या शीटमध्ये आधी तीन रकाने होते: ठिकाण, अंतर, वेळ. पहिल्याच दिवसाच्या ओळी संपेपर्यंत बोट दुखायचं. सकाळी नऊला नदीकाठ, सव्वानऊला कॅथीड्रल, साडेनऊला परत नदीकाठ, कारण तिथे होडी लागते. भाचीने व्हिडिओ कॉलवर हे बघितलं आणि म्हणाली, ‘मामा, यात चढ कुठाय?’

तिथून चौथा रकाना आला आणि सगळं शीट पालथं झालं. भाची एकदा ऑफिसातल्या लोकांबरोबर पोर्तोला जाऊन आलेली. तिचा सिद्धांत असा, की या शहरात ठिकाणं जवळ-लांब अशी लावायचीच नाहीत, वर-खाली अशी लावायची. चढायचं ते यंत्राने, उतरायचं ते पायाने. विमानतळावरून मेट्रो थेट गावाच्या वरच्या अंगाला त्रिंदादला येते. तिथून उतरत उतरत अलियादूश चौक, साओ बेंतो स्टेशन, मग जरासं चढून कॅथीड्रल. कॅथीड्रलच्या शेजारूनच दों लुईश पुलाचा वरचा मजला निघतो. त्यावरून चालत पलीकडे गाया. गायाच्या टेकडीवरून रोपवेने खाली नदीवर. खाली वाइनची कोठारं. ती आटोपली की पुलाच्या खालच्या मजल्यावरून परत अलीकडे रिबेइराला. आणि तिथून वर चढवायला फ्युनिक्युलर, म्हणजे तारेने ओढली जाणारी गाडी. असं गोल फिरलं तर अख्ख्या दिवसात आपल्या पायांनी चढायचं म्हणाल तर तेवढा चढ आणि हॉटेलचा जिना.

फ्युनिक्युलरची हकिकत ऐकून अण्णा हळवे झाले. ती १८९१ साली सुरू झाली, दोन वर्षांत अपघात झाला आणि बंद पडली. परत सुरू झाली ती २००४ साली.

‘मधली शंभर वर्षं काय करत होते?’ ताई.

‘फाइल फिरत असणार,’ अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात आपुलकी होती.

पुलाबद्दल मात्र त्यांना कुणी काही सांगायची सोय नव्हती, तेच सांगत होते. दों लुईश पूल १८८६ साली खुला झाला. १७२ मीटर गाळ्याची लोखंडी कमान, तिच्या डोक्यावरून एक रस्ता आणि पायथ्याशी दुसरा. वरून आता मेट्रो आणि पायी माणसं जातात. पर्यटक हमखास म्हणतात, की हा आयफेलचा पूल. तो आयफेलचा नाही. आयफेलच्या कंपनीचा पूल थोडा वरच्या अंगाला आहे, मारिया पिया, १८७७ सालचा. रेल्वेचा होता, १९९१मध्ये निवृत्त झाला. त्या पुलाच्या आराखड्यामागचं मोठं डोकं होतं आयफेलच्या भागीदाराचं, तेओफिल सेरिगचं. नाव झालं आयफेलचं. मग दोघांचं फाटलं. काही वर्षांनी दों लुईश पुलासाठी निविदा निघाल्या, तेव्हा सेरिग एका बेल्जियन कंपनीकडून उतरला आणि काम घेऊन गेला. आयफेलचा प्रस्ताव नामंजूर झाला.

हे अण्णा जेवणाच्या टेबलावर वाटीतली कढी गार होईपर्यंत सांगत होते. त्यांनी ताटात दोन पापड उभे करून कमान दाखवली, खाली एक लिंबाची फोड म्हणजे होडी. ‘फुटलेल्या भागीदाराने टेंडर नेलं,’ ते म्हणाले. ‘जगात सगळीकडे खातं एकच.’ आणि वरचा पापड मोडून खाल्ला. पुलाला आता शीटमध्ये चार वेळा जागा आहे: वरून, खालून, होडीतून आणि रात्री दिवे लागल्यावर. नदीवर पुलांखालून पन्नासेक मिनिटं फिरवणारी होडी असते. अण्णांच्या मते त्या होडीतल्या बाकी लोकांना आपण काय बघतोय ते कळत नसणार आणि ते कुणीतरी समजावून सांगायला हवं. आम्ही त्यांच्यापासून लांब बसणार आहोत.

बाकी ठिकाणं झटपट आटोपली. क्लेरिगुशचा मनोरा: १७६३ साली पुरा झालेला, निकोलाउ नासोनी या इटालियन माणसाने बांधलेला, ७५ मीटर उंच, आत सव्वादोनशेच्या आसपास पायऱ्या. चढाच्या रकान्यात नवऱ्याने तो लाल रंगवला. जाईल त्याने जावं, बाकीच्यांनी खाली कॉफी घ्यावी. कार्मोच्या जोडचर्चांच्या मधोमध पाचर मारल्यासारखं मीटरभर रुंदीचं घर आहे, ते रस्त्यावरूनच दिसतं आणि फुकट दिसतं. साओ बेंतो स्टेशनावर जायचं, पण गाडी पकडायला नाही. आतल्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं आहेत, जॉर्ज कोलासो या चित्रकाराची, अंदाजे २०,००० फरशा. लढाया, राजांच्या मिरवणुका, १४१५ची सेउता बंदराची स्वारी. गाडी पकडायची नसताना स्टेशनात जाऊन उभं राहायचं, ही कल्पना ताईंना मुळीच पटली नाही. एवढ्या फरशा पुसतं कोण, हा त्यांचा दुसरा प्रश्न. मला तो अधिक योग्य वाटला.

भाचीला लेलो पुस्तकांचं दुकान हवंच होतं. १९०६ सालची इमारत, आत वळणावळणाचा लाल जिना. हॅरी पॉटरच्या लेखिका जे. के. रोलिंग १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्तोत इंग्रजी शिकवायच्या, त्यामुळे हॉगवर्ट्‌सचा जिना इथूनच सुचला अशी हवा झाली. २०२० साली खुद्द बाईंनी सांगितलं, की त्या दुकानात मी कधी पाऊलही टाकलं नाही. रांग तसूभरही हलली नाही. दुकानात शिरायला तिकीट आहे; पुस्तक घेतलं तर तेवढे पैसे वळते होतात. वाचनालयाची वर्गणी भरतानाही हात आखडणारा माझा नवरा दुकानाच्या तिकिटासाठी ऑनलाइन रांगेत उभा राहिला, ही भाचीची कर्तबगारी.

इथवर शीट चांगलं जमलं होतं. मग मी पाचवा रकाना घातला: पोट.

प्रवासाच्या कार्यक्रमात जेवण म्हणजे दोन ठिकाणांच्या मधली अर्ध्या तासाची फट, असं बहुतेक पुरुष धरून चालतात. पोर्तोत ते चालत नाही, आणि त्याला कारण फ्रांसेझिन्या. हे सँडविच आहे, असं सांगतात. दोन जाड पावांमध्ये हॅम, सॉसेज, धुरावलेली लिंग्विसा आणि गोमांसाचा जाड काप. वर चीजच्या कापांचं पांघरूण, ते भट्टीत वितळवून चारी बाजूंनी खाली ओघळलेलं. त्यावर टोमॅटो आणि बिअरचा लालभडक, गरम, तिखटसर रस्सा, इतका की सँडविचचं बेट होतं. बहुतेक ठिकाणी डोक्यावर एक अंडं. बाजूला बटाट्याच्या तळलेल्या काड्या, त्या कडेने रश्शात भिजत घातलेल्या. १९५०च्या दशकात फ्रान्समध्ये राहून आलेल्या एका माणसाने तिकडच्या क्रोक-मस्यू या सभ्य सँडविचवर पोर्तोत हा प्रयोग केला असं मानतात. भाचीने फोटो पाठवला तेव्हा आधी मला कळेना यात पाव कुठे आहे.

रश्शाची कृती प्रत्येक हॉटेलची वेगळी आणि कुणी कुणाला सांगत नाही. खरी फ्रांसेझिन्या कुठे मिळते यावर पोर्तोत मित्रामित्रांत अबोला धरला जातो. नाशिकच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मिसळीवरून आमच्याकडे याहून कमी कारणात सोयरिकी मोडायची वेळ आली आहे. फरक एवढाच, की मिसळ खाऊन माणूस कामाला जातो. फ्रांसेझिन्या खाऊन माणूस कुठेही जात नाही. म्हणून पाचव्या रकान्यात मी नियम घातला: ज्या दिवशी दुपारी फ्रांसेझिन्या, त्या दिवशी दुपारनंतर चढ शून्य, मनोरा शून्य, संग्रहालय शून्य, होडीत बसवून द्यायचं. पंधराशे वर्षांचा इतिहास आणि चीज एका दिवशी पचत नाही.

दुसरी अडचण मापाची. तिथल्या साध्या, घरगुती खाणावळीत, तास्कात, जी एक पूर्ण प्लेट येते ती दोन माणसांना पुरते, आणि दोन पोर्तुगीज माणसांना पुरते. म्हणून मेन्यूवर ‘मेया दोझ’ असतं, अर्धी प्लेट. ती एका माणसाला भरपूर होते. आपल्याकडे अर्धी प्लेट मागितली की पोऱ्या ओरडून सांगतो आणि सगळी खाणावळ वळून बघते; तिथे ती छापलेली असते, तिला मानाने दर असतो. तरी नवरा म्हणाला, पूर्णमध्ये वाचतात किती ते बघ, आणि दोन्ही दर शेजारी शेजारी मांडून दाखवले. पूर्ण प्लेट खरंच स्वस्त पडत होती. हा हिशोब मांडून लोक आडवे होतात.

तिसरी अडचण म्हणजे पाव. टेकलात की विचारल्याशिवाय पाव येतो, ऑलिव्ह येतात, लोणी, कधी चीज, कधी माशाचं वाटण. आपल्याला वाटतं आदरातिथ्य. ते आदरातिथ्य बिलात येतं, हात लावला तर. नको म्हटलं की निमूट परत नेतात, कुणी वाईट वाटून घेत नाही. या एका मुद्द्यावर आमची पाऊण तास बैठक झाली. नवऱ्याचं म्हणणं, सगळं परत. ताईंचं म्हणणं, समोर आलेलं अन्न परत पाठवायचं नसतं. ठराव असा झाला, की पाव आणि ऑलिव्ह ठेवायचे, चीजकडे बघायचं नाही आणि ‘नको’ हे पोर्तुगीजमध्ये अण्णांनी म्हणायचं, कारण निविदा परत पाठवण्याची त्यांना सवय आहे.

मला स्वतःला बाकल्यावची ओढ. हा खारवून वाळवलेला कॉड मासा. गंमत अशी, की तो पोर्तुगालच्या समुद्रात मिळत नाही, नॉर्वेकडून येतो. शेकडो वर्षं हे लोक दुसऱ्याच्या थंड समुद्रातला मासा आणून, एक-दोन दिवस पाणी बदलत बदलत भिजवून, त्याला राष्ट्रीय पक्वान्न म्हणतात आणि त्याचे वर्षाच्या दिवसांइतके प्रकार होतात असं सांगतात. पोर्तोचा स्वतःचा प्रकार गोमेश द सा याच्या नावाचा; हा गृहस्थ इथला बाकल्यावचा व्यापारी होता. माशाचे पदर, बटाटे, कांदा, ऑलिव्ह, उकडलेलं अंडं, भरपूर ऑलिव्ह तेल. तारल्यांचं जे नुकसान झालं होतं, त्याची भरपाई म्हणून शीटमध्ये याला एक अख्खं जेवण मिळालं, शिवाय मेट्रोने मातोझिन्युशला जाऊन फुटपाथवरच्या निखाऱ्यांवर भाजलेला ताजा मासा खाण्याचं दुसरं.

अण्णांची नजर भलतीकडेच होती. पोर्तोच्या लोकांना बाकीचा देश वजडीखाऊ म्हणतो आणि ते हे नाव अभिमानाने मिरवतात. आख्यायिका अशी, की १४१५ साली सेउताच्या स्वारीवर आरमार निघालं तेव्हा पोर्तोने गावातलं सगळं चांगलं मांस गलबतांवर चढवलं आणि स्वतः आतड्या-कोथळ्यावर भागवलं. ती वजडी आता पांढऱ्या घेवड्यात शिजवून मिळते. ‘देशासाठी त्याग आहे तो,’ अण्णा म्हणाले. ‘आपणही थोडा केला पाहिजे.’ ताईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि विषय थांबला.

वाइनचं प्रकरण नवऱ्याकडे. आम्ही नाशिकचे, गंगापूर धरणाच्या बाजूला पाहुण्यांना वाइन दाखवून आणणं हा आमच्याकडे जावयाच्या मानपानाचा भाग झालाय. त्यामुळे त्याला वाटत होतं आपल्याला सगळं ठाऊक आहे. पोर्ट वाइन म्हणजे गोव्याहून येताना बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणतात ती गोड, स्वस्त बाटली, अशी त्याची समजूत. ती भाचीने उतरवली. खऱ्या पोर्टमध्ये द्राक्षरस आंबत असतानाच द्राक्षाचं कडक मद्य ओततात. आंबणं तिथेच थांबतं, साखर शिल्लक राहते आणि जोर १९-२० टक्क्यांवर जातो. द्राक्षं पिकतात नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर. त्या मुलखाची हद्द १७५६ सालीच पोंबालच्या मार्किसाने आखून दिली. पिंपं पूर्वी राबेलू नावाच्या सपाट तळाच्या होड्यांतून खाली यायची. आणि ती मुरायची पोर्तोत नाही, नदीपलीकडे गायात. नाव पोर्तोचं, कोठारं गायाची, कोठारांवर पाट्या इंग्रजी आडनावांच्या: टेलर, ग्रॅहम, कॉकबर्न. फ्रेंचांशी सतत लढाया चालू असलेल्या इंग्रजांना १७०३च्या तहाने पोर्तुगीज वाइन स्वस्त पडायला लागली आणि त्यांनी इथे मुक्काम ठोकला, तो अजून हलवलेला नाही.

नवऱ्याने एका दुपारी तीन कोठारं लावली होती. प्रत्येक ठिकाणी तीन छोटे पेले. मी चौथा आणि पाचवा रकाना जोडून दाखवला. नऊ पेले, २० टक्के, आणि त्यानंतर पुलावरून परत. त्याने एक कोठार कमी केलं. अण्णांनी पुलाचे कठडे किती उंच आहेत, ते बघून ठेवायचं आश्वासन दिलं.

राहिला ताईंचा प्रश्न. काल्दो वेर्दे नावाचं सूप आहे, बटाट्याचं, त्यात हिरव्या कोबीच्या पानांच्या केसासारख्या बारीक कातरलेल्या पट्ट्या. रंग हिरवा, वास घरच्या पालेभाजीचा, आणि तळाशी चोरिसोचा एक काप. बिनमांसाचं मागितलं तर काप काढून देतात. ‘काढून म्हणजे न घालता, की घालून काढून?’ ताईंनी विचारलं. भाची गप्प झाली. हा भेद पोर्तुगीज स्वयंपाकघरात पोचलेला नाही. मासा हे मांस नाही, हेही तिथे पुष्कळांना मान्य असतं. उलट गोडाबाबत ताईंना घोर नव्हता. पोर्तुगालची निम्मी मिठाई अंड्याच्या बलकाची, मठांमधल्या जोगतिणींनी रचलेली. पांढरं झग्यांना खळ करायला जायचं, असं सांगतात. ‘मग उरलेल्या बलकाचं काय करायचं, हा कुठल्याही बाईला पडणारा प्रश्न आहे,’ ताई म्हणाल्या आणि पास्तेल द नाता केकमध्ये मोजला गेला. फक्त चार वेळचं जेवण नातावर काढता येणार नव्हतं.

शेवटी भाचीने ऑफिसातल्या पोर्तुगीज सहकाऱ्याकडून एक चिठ्ठी लिहून घेतली आणि तिचा फोटो ग्रुपवर टाकला. त्यात म्हटलं होतं, की या बाई मांस, मासे, हॅम, चोरिसो आणि त्यांचं पाणी यांपैकी काहीही खात नाहीत. कृपया ते आधीपासूनच घालू नये. ताईंनी तिच्या दोन प्रती काढून लॅमिनेट करून घेतल्या, एक पर्समध्ये, एक पासपोर्टाच्या कव्हरात. त्याच रात्री साडेअकराला अण्णांचा मला वेगळा मेसेज आला. त्या सहकाऱ्याकडून आणखी एक चिठ्ठी मिळेल का: या गृहस्थांना वजडी चालते, अर्धी प्लेट, आणि ती बाईंच्या टेबलापासून लांब द्यावी. मी विचारलं, लॅमिनेट करायची का? ते म्हणाले, नको, खाऊन झाल्यावर फाडता आली पाहिजे.